चिठ्ठीवरचा कोसा

बी.कॉम. झाल्यावर नोकरीसाठी मी पहिली मुलाखत दिली ती दुसरीच्या कोटात. गडचिरोलीच्या वसतिगृहातल्या मैत्रिणीचा तो काळा कोट तिला नीट बसायचा, माझ्या खांद्यांवरून मात्र उतरायचा. बाह्या तळहातापर्यंत येत होत्या, म्हणून मी त्या आतून दुमडून दोन-दोन टाके घातले होते. मे महिना होता. नागपूरपर्यंत बसमध्ये कोट पिशवीत घडी करून मांडीवर ठेवला आणि त्या ऑफिसच्या जिन्यात उभं राहून अंगावर चढवला. आत तिघे बसले होते. मधल्यांनी माझा अर्ज वाचला आणि विचारलं, "तालुका सावली? हे कुठं आलं?"

"चंद्रपूर जिल्ह्यात, सर. वैनगंगेच्या अलीकडे."

"तिकडे लोक करतात काय?"

मला सांगता आलं असतं. धान लावतात, तलावात जाळं टाकतात, जंगलात ऐनाच्या झाडांवर कोशाचे, म्हणजे रानरेशमाचे, किडे वाढवतात. माझे बाबा ही तिन्ही कामं करतात. पण मैत्रिणीनं बजावलं होतं, घरचं काही काढायचं नाही, इंग्रजीत बोलायचं आणि डोळ्यांत बघायचं. मी वाक्य जुळवायला लागले, मध्येच अडकले आणि तोंडातून गेलं, "मले वाटते, सर..." तिघांपैकी एकजण हसला. वाईट हसला नाही, सहज हसला. पण पुढची सगळी मुलाखत माझं लक्ष बाह्यांमधल्या टाक्यांकडे होतं.

त्या उन्हाळ्यात मी अशा चार-पाच ठिकाणी जाऊन आले. चंद्रपुरात एका गाड्यांच्या शोरूममध्ये सांगितलं, वेणी चालणार नाही. एका दवाखान्यात स्वागतकक्षासाठी मुलगी हवी होती, तिथल्या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघून 'कळवतो' म्हटलं. प्रत्येक ठिकाणी मी कोट घातला. गावी आले तेव्हा बाबांना एकदा घालून दाखवला. ते जाळं दुरुस्त करत बसले होते. हातातलं काम थांबवून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"कसं दिसते?" मी विचारलं.

"पोलीसवाली दिसून राह्यली, बाई," ते म्हणाले आणि परत जाळ्यात बोटं घातली.

मी चिडले होते, पण त्यांचं बरोबर होतं. मला कपड्यांची फार ओढ होती आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. आमच्या घरात कपडा म्हणजे धुतलेला असावा, फाटलेला नसावा, एवढंच. मी मात्र आईची जुनी लुगडी उन्हात धरून रंग बघायची. एका विटक्या हिरव्या लुगड्याचा मी कुर्ता शिवला होता, शेजारच्या काकूंच्या मशीनवर. त्याला काठाच्या तुकड्याची पट्टी लावली होती. कॉलेजात तो एकदाच घातला. कुणीतरी 'हे काय, झोळी?' म्हणालं आणि तो पेटीच्या तळाशी गेला.

पावसाळ्याच्या आधी कॉलेजातल्या सरांचा फोन आला. चिमूरच्या पुढे, वाघ बघायला येणारे लोक ज्या रस्त्यानं जंगलाच्या गेटकडे जातात, त्या रस्त्यावर एका बाईंनी कपड्यांचं दुकान काढलं होतं. त्यांना हिशेब समजणारी आणि मराठी चांगलं लिहिणारी मुलगी हवी होती. कोट मी एव्हाना परत केला होता. दुसरं बरं असं काही धुतलेलं नव्हतं, म्हणून तो हिरवा कुर्ता घालून गेले.

दुकान म्हणजे एक जुनं कौलारू घर होतं, पुढे ओटा, आत लाल फरशी. बाई पन्नाशीच्या पुढच्या होत्या. केस पांढरे आणि मानेवर कापलेले, अंगावर राखाडी सुती साडी, कोपरापर्यंत बाह्यांचा ब्लाउज, मनगटावर पुरुषी घड्याळ. दागिना एकही नाही. मी आयुष्यात इतकं साधं आणि इतकं सुंदर माणूस पाहिलं नव्हतं. त्यांनी माझे कागद बाजूला ठेवले आणि माझ्या खांद्याजवळचं कापड दोन बोटांत धरलं.

"कुणी शिवलं हे?"

"मीच."

"गळा थोडा वर गेलाय. पण रंगाला रंग बरोबर लावलास." मग म्हणाल्या, "सोमवारी येशील?"

मी चिमूरला एक खोली घेतली आणि तिथून रोज जाऊ लागले. त्यांना सगळे मॅडम म्हणायचे, मीही म्हणू लागले. त्यांच्याकडून मी जे शिकले ते तीन वर्षांच्या कॉलेजात मिळालं नव्हतं. कापड कसं धरायचं, घडी कुठं घालायची, काचेच्या खिडकीत तीन गोष्टींच्या वर काही का ठेवायचं नाही. "अंगावर एकच गोष्ट बोलू दे," त्या सांगायच्या, "बाकीच्यांनी गप्प बसायचं." दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्या मला आरशासमोर उभं करायच्या, ओढणी काढायच्या, पुन्हा घालायच्या, आणि एक पाऊल मागे सरून बघायच्या. माझ्याकडे तोवर असं निरखून कुणी बघितलं नव्हतं. घरी माया होती, पण बघायला वेळ कुणाला होता? मी ताठ चालायला लागले. वेणी तशीच ठेवली, फक्त तेल कमी केलं.

बोलण्याचंही तसंच. मी सुरुवातीला पुण्याच्या बातम्यांसारखं बोलायला धडपडायची. एकदा गडबडीत "तुमाले कोणता दाखवू?" असं निघून गेलं आणि मी जीभ चावली. मॅडम म्हणाल्या, "सोडू नकोस ते. चांगलं वाटतं कानाला." मग हिशेबाची वही उघडत त्यांनी जोडलं, "आणि गिऱ्हाईकालाही आवडतं." पहिलं वाक्य ऐकून मला इतका आनंद झाला होता की दुसरं वाक्य मी तेव्हा ऐकलंच नाही.

दुकानात साड्या होत्या, कुर्ते होते, पण जास्त खपायचे ते कोशाचे शेले. मुंबईहून, बंगलोरहून आलेली माणसं वाघ दिसो न दिसो, जाताना एक शेला घेऊन जायची. प्रत्येक शेल्याला सुतळीनं एक जाड कागदाची चिठ्ठी बांधलेली असायची. तिच्यावर लिहिलं होतं, 'जंगलातल्या हातांनी विणलेला शुद्ध कोसा. एकही किडा न मारता.'

मी पहिल्याच महिन्यात म्हटलं, "मॅडम, किडा तर मरतो. कोसे उकळतात ना. नाहीतर धागा निघत नाही."

त्यांनी चष्मा वर केला. "तुला कसं माहीत?"

"माझे बाबा कोसे काढतात."

त्यांनी काही वाद घातला नाही. "मग ते वाक्य काढून टाकू," म्हणाल्या, "आणि तूच लिही नवीन. तुला माहीत असलेलं लिही." त्या दिवशी मी त्यांच्यावर पूर्ण विश्वास टाकला.

काय लिहावं याचा मी आठवडाभर विचार केला. किडे झाडावर चढवले की बाबा घरचे राहत नाहीत. जंगलात ऐनाच्या झाडांखाली पानांची झोपडी बांधतात आणि कोसे तयार होईपर्यंत तिथंच असतात. दिवसातून एकदा जेवतात, तेही स्वतःच्या हातचं. मासे खात नाहीत, आणि आम्ही तर मासेमारांचंच घर. दाढी करत नाहीत, केस कापत नाहीत. मुंग्या, गांधीलमाश्या, पाखरं, सगळ्यांवर नजर ठेवायची. बायकांनी आत जायचं नाही. आई तांदळाची पुरचुंडी हद्दीवरच्या दगडावर ठेवून मागे फिरायची आणि मी तिच्याबरोबर उभी राहून आतून येणाऱ्या त्यांच्या टाळ्या ऐकायची. पाखरं उडवायच्या टाळ्या. मोठी झाल्यावर मी एकदा भांडले होते, "बायका गेल्या तं का होते, बाबा?"

"मले नाई माहीत," ते म्हणाले होते. "माह्या बापानं नाई जाऊ देल्लं."

तो राग अजून आहे. पण चिठ्ठीवर मी राग लिहिला नाही. मी लिहिलं, 'ऐनाच्या झाडाखाली एक बाप राहतो. किडे पानं खातात तोवर तो दिवसातून एकदाच जेवतो. पाखरं आली की टाळ्या वाजवतो. हे कापड त्याच्या त्या दिवसांचं आहे.'

मॅडमनी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. संध्याकाळी जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला, एवढंच. चिठ्ठ्या छापून आल्या, मराठीत आणि खाली इंग्रजीत. लोक त्या वाचून शेले घ्यायचे. काहीजण चिठ्ठीचाच फोटो काढायचे. मी काचेमागे उभी राहून बघायची आणि मला वाटायचं, आपल्याला जे हवं होतं ते हेच होतं. लिहिणं, कापड, चांगलं काम, आणि कौतुकाचा एक शब्द बोलणारं माणूस.

दिवाळीनंतर बाबा मला भेटायला आले. कोसे निघाले होते. दाढी केलेली, पांढरा सदरा घातलेला, खांद्यावर दुपट्टा. मॅडमनी त्यांना "या भाऊ, बसा" म्हणत खुर्ची दिली आणि स्वतः चहा ठेवला. बाबा खुर्चीच्या काठावर बसले. मी त्यांच्या हातात चिठ्ठी दिली. ते चौथीपर्यंत शिकलेले आहेत. बोट ठेवून, ओठ हलवत त्यांनी चारही वाक्यं वाचली.

"हा मीच होय का वो?"

"हो, बाबा."

ते हसले आणि हसताना तोंडावर दुपट्टा धरला. माझ्या बापाला लाजताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी जवळचा एक शेला उचलला, अंगठा आणि बोटांमध्ये चोळला. पुन्हा चोळला. गालाला लावला. आणि होता तसा घडी करून परत ठेवला.

"कसं वाटलं भाऊ, मुलीचं दुकान?" मॅडमनी विचारलं.

"चांगलं हाये. लय साफ ठेवलं तुमी."

मी त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले. तिथून चिमूरला जाणारी गाडी मिळते. उन्हात दोघं उभे होतो. बराच वेळ ते दुपट्ट्याचं टोक पिळत राहिले.

"बाई," ते म्हणाले, "तो कोसा नाई वो."

"कोणता?"

"जो म्या पाह्यला तो. कोसा बोटाले धरते. हा सटकून राह्यला."

"बाबा, नवीन आहे तो. धुतल्यावर..."

"नवीन-जुनं मले कळते." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुह्या मॅडमले माहीत नसन. तिले कोणी फसवलं असन. तू सांग तिले." गाडी आली. चढताना ते वळून म्हणाले, "लिवलं मात्र तू बरोब्बर हाये."

संध्याकाळी खोलीवर मी दोन धागे घेऊन गेले. एक दुकानातल्या शेल्याच्या झालरीतला, दुसरा घरून आणलेल्या एका फुटक्या कोशातला. गॅस पेटवून चिमट्यात धरले. कोशाचा धागा जळाला तसा केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत भुगा झाली. दुसरा वितळला. काळा, कडक मणी होऊन चिमट्याला चिकटला. प्लास्टिकची पिशवी जळाल्यासारखा वास खोलीभर राहिला.

मला खरंच माहीत नव्हतं का? ते खोके मीच उघडायची. कुरियरनं यायचे, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले शंभर शेले, सगळ्यांच्या किनारी एकसारख्या सरळ. हातमागावरचं कापड कुठंतरी श्वास घेतं, एखाद्या ठिकाणी दाटतं, एखाद्या ठिकाणी सैल होतं. हे मला सावलीच्या विणकरांकडे लहानपणी उभं राहून माहीत होतं. मी विचारलं नव्हतं, कारण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्याबरोबर मी मॅडमना सांगितलं. बाबा काय म्हणाले ते, आणि धागा जाळला तेही. वाटलं होतं त्या दचकतील. त्या साड्यांवरची धूळ झटकत होत्या, झटकत राहिल्या.

"दोन वर्षांपूर्वीपर्यंत सगळा कोसा खरा होता," त्या म्हणाल्या. "मी स्वतः गावोगाव फिरून आणायचे. पुरत नाही. एखाद्या वर्षी किडे रोगानं जातात, मग काय करायचं? दुकान बारा महिने उघडं लागतं. इथं तू आहेस, आणखी पाच बायका आहेत शिवायला. त्यांना मी सांगू का, यंदा पाखरांनी किडे खाल्ले, घरी बसा?"

"मग चिठ्ठीवर तसं लिहू. मशीनचं कापड आहे असं."

"तसं लिहिलं की लोक हात लावत नाहीत. मी करून पाहिलंय."

"पण चिठ्ठीवर माझे बाबा आहेत, मॅडम."

त्या थांबल्या. झटकणी खाली ठेवली. "नाव कुठं आहे त्यांचं?"

"मले माहीत आहे ना ते कोण आहेत."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, रोज आरशासमोर बघायच्या तशाच, पण यावेळी मागे सरल्या नाहीत. "आठवडाभर विचार कर," म्हणाल्या. "मी तुझ्या जागी असते तर मीही रागावले असते. तुझ्या वयाची असते तर."

तो आठवडा मी काम केलं. हे मला सांगावंच लागेल, कारण गावात आणि कॉलेजात नंतर सगळे म्हणाले की मी ताबडतोब नोकरी सोडली. ताबडतोब नाही सोडली. मी रोज येत होते, ओढणी नीट करत होते, आणि स्वतःला समजावत होते. पाच बायकांचं काय? चिमूरमध्ये मला दुसरी नोकरी कोण देईल? पुन्हा कोट घालून जिन्यात उभी राहू? आणि सगळ्यांत खालचं, सगळ्यांत खरं कारण हे की मला मॅडमना सोडवत नव्हतं.

शनिवारी ठाण्याकडच्या एक वयस्क बाई आल्या, नातवंडांना गाडीत बसवून. त्यांनी चिठ्ठी वाचली. त्यांचे डोळे भरून आले. शेला छातीशी धरून त्यांनी मला विचारलं, "हे तुमच्याच भागातलं का ग? हा बाबा खरा आहे?"

मी म्हणाले, "हो."

"भेटला तर सांग त्याला, माझा नमस्कार."

मी मान हलवली. त्या शेला गळ्यात घालूनच गाडीत बसल्या. मॅडम पलीकडे उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर काही जिंकल्याचा भाव नव्हता. उलट त्या मला एकदम थकलेल्या दिसल्या. मला वाटलं, यांचंही असंच झालं असेल, एखाद्या शनिवारी, कुणीतरी विचारलं असेल आणि तोंडातून हो निघून गेलं असेल.

सोमवारी मी सांगितलं की मी जाते.

"तू गेल्यानं इथलं काही बदलणार नाही, कळतंय ना?" त्या म्हणाल्या.

"हो."

"मग?"

त्या साडीची घडी घालत होत्या. ती पूर्ण करून त्यांनी दुसरी घेतली. "जाताना दार लावून घे," म्हणाल्या. "धूळ येते."

घरी आई फार रागावली. चांगलं पंख्याखाली बसायचं काम सोडून आली म्हणाली, आणि तिचं चूक नव्हतं. ती त्या दिवशी दिवसभर वाकून धान कापून आली होती. बाबांना वाईट वाटलं ते वेगळंच.

"माह्यासाठी काऊन सोडली? शहरातले लोकं का मले वळखतात?"

"तुमच्यासाठी नाई सोडली."

"मंग?"

ठाण्याच्या बाईंचा नमस्कार मी त्यांना सांगितला नाही. अजूनही सांगितलेला नाही.

पहिले दोन-तीन महिने दुपारचे चार वाजले की मला त्या दुकानाची आठवण यायची. त्या वेळी उन्हाचा एक पट्टा लाल फरशीवरून सरकत आरशापर्यंत जायचा. इथं चार वाजता कोंबड्या अंगणात यायच्या. मी पेटीतून कुर्ते काढायची, एकेक अंगावर धरायची, पण घालून जायचं कुठं? तलावाच्या पाळीवर? हाताला कापडाची सवय लागली होती. मी आईचं वाळलेलं पातळ काढताना नकळत त्याची घडी मॅडमसारखी घालायची. त्यांचा राग यावा म्हणून मी प्रयत्न केले. ते शंभर एकसारखे शेले डोळ्यांपुढे आणायची. त्यामागोमाग पाठीवर ठेवलेला त्यांचा हात आठवायचा आणि राग पुरा व्हायचाच नाही.

मग मी सावलीला एका विणकर बाईंकडे जायला लागले. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच दोन मागांपैकी एक माग चालवत होत्या. मला लहानपणापासून ओळखायच्या. मी म्हटलं, फोटो काढून इंटरनेटवर टाकते, चिठ्ठ्या लिहिते, पोस्टानं पाठवायचं बघते. पोटापाण्यासाठी सकाळी अकरावी-बारावीच्या मुलींना कॉमर्स शिकवायला लागले, तेच अजून चालू आहे. विणकर बाईंच्या पहिल्या शेल्याला मी चिठ्ठी लिहिली, 'ताणा सुती, बाणा कोशाचा. धाग्यासाठी कोसे उकळतात, आतला किडा मरतो. विणायला नऊ दिवस लागले.' ताणा म्हणजे उभा धागा, बाणा आडवा, हेही खाली लिहिलं.

बाईंनी वाचून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "किडा मरते म्हणून लिवशील तं कोण घेईन वो? तू दुकान करून राह्यली का मयतीले बलावून राह्यली?"

"नाई घेतलं तं नाई."

"तुले सोपं हाये म्हणायले. माग मी चालवतो."

त्यांचं म्हणणं मला लागलं, कारण ते मॅडमच्याच बाजूचं होतं. आम्ही दोघी त्या दिवशी एकमेकींशी फार बोललो नाही. चिठ्ठी मात्र त्यांनी स्वतःच बांधली.

एक शेला परत आला. पुण्याच्या एका मुलीनं सोबत लिहिलं होतं की कापड सुंदर आहे, पण वाचल्यावर गळ्यात घालवत नाही, खरं सांगितल्याबद्दल आभार. विणकर बाई म्हणाल्या, "पाह्य आता!" आणि दोन दिवस मलाच ऐकवत राहिल्या. मग नागपूरच्या कुणीतरी दुसरा मागितला, त्यांच्या बहिणीनं तिसरा. हळूहळू चाललं आहे. ह्याला मी धंदा म्हणत नाही, अजून म्हणता येत नाही. नोकरीचे अर्जही मी करत असते. आता मुलाखतीला माझेच कपडे घालून जाते. एकदा चंद्रपुरात विचारलं, शेवटची नोकरी का सोडली? मी म्हटलं, तिथं मी खोटं बोलले म्हणून. ते काही कळवणार नाहीत, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरच दिसलं.

मागच्या हिवाळ्यात चिमूरला मामेबहिणीचं लग्न होतं. हळद आटोपल्यावर सकाळीच मी निघाले आणि त्या रस्त्यानं जाणाऱ्या गाडीत बसले. आपण काय करतोय हे दुकानाच्या ओट्यावर पाय ठेवेपर्यंत मी स्वतःला कळू दिलं नाही.

मॅडम आत एकट्याच होत्या. केस वाढले होते, मागे बांधले होते. "आलीस?" त्या म्हणाल्या, जणू मी जेवायला जाऊन आले होते. त्यांनी चहा केला. आम्ही ओट्यावर बसलो. जंगलातून सकाळच्या फेरीच्या उघड्या जीप परत येत होत्या, धुळीनं माखलेली माणसं त्यांत उभी होती.

"तुझ्या ओळी काढून टाकल्या," त्या म्हणाल्या. "तू गेलीस त्याच आठवड्यात."

मी आत जाऊन बघितलं. चिठ्ठीवर आता वाघाचं चित्र होतं आणि 'जंगलची भेट' असे दोनच शब्द. शेले तेच होते.

"खोटं काही लिहिलं नाही आता," त्या मागून म्हणाल्या.

"खरंही नाही लिहिलं."

त्या हसल्या. मी पिशवीतून विणकर बाईंचा शेला काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उघडला, प्रकाशात धरला, आणि किनारीवरून बोट फिरवत राहिल्या. त्यांचा चेहरा कसा मऊ झाला ते मी पाहिलं. कापड त्यांच्याइतकं मला कुणीच शिकवलं नाही, आणि कापडावर त्यांच्याइतकं प्रेम करणारंही मी कुणी पाहिलं नाही.

"असे दहा देशील?"

"देईन. पण चिठ्ठी माझीच राहील."

त्यांनी चिठ्ठी वाचली. 'किडा मरतो' इथं आल्यावर मान हलवली आणि शेला पुन्हा नीट घडी करून माझ्याकडे दिला. "ही इथं नाही चालणार ग."

"माहीत आहे."

"तू परत ये," त्या एकदम म्हणाल्या. "लिहू नकोस काही. गिऱ्हाईकाशी बोलू नकोस. फक्त खिडकी सजव. तुझ्यासारखी खिडकी कुणाला सजवता येत नाही."

मला हो म्हणायचं होतं. किती म्हणायचं होतं ते कसं सांगू? माझी नजर आधीच खिडकीकडे गेली होती. तिथं पाच गोष्टी मांडल्या होत्या, दोन जास्त होत्या, आणि कोणत्या दोन काढायच्या ते मला कळत होतं.

"नाई, मॅडम," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. कप उचलून आत नेले. मी थोडा वेळ ओट्यावर बसले, मग गाडी येताना दिसली तशी उठले.

लग्नघरी पोचले तेव्हा पहिली पंगत उठत होती. मामीनं हाताला धरून मला बसवलं. "कुठी गेलती वो एवढा वेळ?"

"इथंच. एका दुकानात."

"का घेतलं?"

"काही नाई," मी म्हटलं, आणि तिनं वाढलेल्या भातावर वरण घेतलं.